परत न घेतली जाणारी वस्तू आणि आपला हक्क

घरात ज्येष्ठ माणूस असला, की औषधांच्या डब्याशेजारी आणखी काही वस्तू हळूहळू जागा मिळवतात. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, ग्लुकोमीटर, वाफाऱ्याचे यंत्र, वॉकर, कमोडची खुर्ची, मोठ्यांचे डायपर. पूर्वी यांसाठी औषधाच्या किंवा सर्जिकल वस्तूंच्या दुकानात जावे लागे. दुकानदार यंत्र उघडून चालवून दाखवी, पट्टा दंडाला बसतो का ते पाही, आणि वस्तू बिघडली तर त्याच दुकानाची पायरी पुन्हा चढता येई. आता यांतील बहुतेक वस्तू मोबाइलवरून मागवल्या जातात. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांच्या गावात सर्जिकल दुकान नाही, ज्यांची मुले दूरच्या शहरात आहेत, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. ती नाकारण्याचे कारण नाही.

अडचण सुरू होते ती वस्तू चुकीची किंवा सदोष निघाल्यावर. समजा, आपण मागवलेले रक्तदाबमापक यंत्र सकाळी १५८ दाखवते आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे तोच आकडा १३६ येतो. आपण परत पाठवण्याचे बटण शोधता, तर तेथे लिहिलेले असते की ही वस्तू परत घेतली जात नाही, फक्त बदलून मिळेल. बदलून मागितल्यास उत्तर येते की मुदत संपली, आता सेवाकेंद्राशी संपर्क साधा. सेवाकेंद्र दीडशे किलोमीटरवर. संवादाच्या खिडकीत उत्तर देणारे माणूस नसून यंत्र, आणि त्याच्या चार पर्यायांत आपला प्रश्न नाही. या खटाटोपात आठवडा जातो. त्या आठवड्यात रक्तदाबाची गोळी कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवून घ्यायची, हा प्रश्न मात्र दररोज सकाळी समोर उभा राहतो.

म्हणूनच परतीच्या धोरणाकडे केवळ पैशांचा व्यवहार म्हणून पाहून चालणार नाही. सदोष मिक्सर घरात पडून राहिला तर गैरसोय होते. सदोष रक्तदाबमापक किंवा ग्लुकोमीटर पडून राहिला तर औषधाचा निर्णय चुकू शकतो. आरोग्यासाठी घेतलेल्या वस्तूची परतीची अट तिच्या किमतीइतकीच काळजीपूर्वक वाचायला हवी.

आधी खात्री करून घ्या

तक्रार करण्यापूर्वी दोष यंत्रात आहे की मोजण्याच्या पद्धतीत, हे पाहणे आवश्यक आहे. मोजण्याच्या अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला असावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्याच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून नव्हे. मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

पट्ट्याचे माप हे फरकाचे मोठे कारण असते. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, तर रक्तदाब प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. दंड बारीक आणि पट्टा मोठा असेल, तर कमी दिसतो. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा आणि तो पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत बसतो का, हे पाहावे. त्यानंतर यंत्र दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी एकाच बैठकीत, एकाच दंडावर दोन-तीनदा ताडून घ्यावे. पाच एककांचा फरक चिंतेचा नाही. तो सातत्याने दहाहून अधिक येत असेल, तर यंत्रावर विसंबू नये. डॉक्टरांना ते दोन्ही आकडे तारखेसह चिठ्ठीवर लिहून देण्याची विनंती करावी. पुढे तक्रार करताना ही चिठ्ठी फार उपयोगी पडते. आणि घरच्या यंत्राच्या आकड्यावरून गोळीची मात्रा स्वतःहून बदलू नये, हे सांगायला नकोच.

विकणारा कोण?

आपण ज्या नावाच्या संकेतस्थळावरून खरेदी केली, तेच आपले दुकानदार असा आपला समज असतो. मोठ्या ऑनलाइन दुकानांच्या बाबतीत बहुधा तसे नसते. परदेशी गुंतवणूक असलेल्या कंपन्यांना आपल्या देशात स्वतःचा माल ग्राहकाला थेट ऑनलाइन विकण्याची मुभा नाही. त्या विक्रेते आणि ग्राहक यांना एकत्र आणणारी बाजारपेठ चालवतात. म्हणजे मंडई त्यांची, गाळा दुसऱ्याचा. वस्तूच्या पानावर बारीक अक्षरांत विक्रेत्याचे नाव असते, आणि बिलही त्याच्याच नावाचे निघते.

तक्रार केल्यावर होणारी टोलवाटोलवी येथूनच सुरू होते. संकेतस्थळ विक्रेत्याकडे बोट दाखवते, विक्रेता उत्पादकाकडे, आणि उत्पादक सेवाकेंद्राकडे. मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवून त्याचा पत्ता आणि संपर्क क्रमांक दिला आहे का, हे पाहावे. तो देणे नियमाने बंधनकारक आहे.

परतीच्या अटींचेही प्रकार आहेत. काही वस्तू परत घेऊन पैसे दिले जातात. काही फक्त बदलून मिळतात. काहींसाठी केवळ उत्पादकाची हमी लागू असते. डायपर किंवा कमोडचे भांडे यांसारख्या वस्तू स्वच्छतेच्या कारणास्तव उघडल्यावर परत घेतल्या जात नाहीत, आणि ते रास्तही आहे. दुसऱ्या रुग्णाच्या घरून आलेली अशी वस्तू आपल्यालाही नकोच असेल. मात्र पाकिटात सांगितलेल्या मापाऐवजी भलतेच माप निघाले, तर प्रश्न स्वच्छतेचा उरत नाही. ती चूक पाठवणाऱ्याची असते.

मुदतीबाबत एक गोष्ट दूरच्या मुलामुलींनी ध्यानात ठेवावी. परतीचे दिवस वस्तू घरी पोहोचल्यापासून मोजले जातात, डबा उघडल्यापासून नव्हे. बंगळुरूच्या मुलीने कराडच्या वडिलांसाठी यंत्र मागवले आणि ते ‘ती सुटीत आली की लावून देईल’ म्हणून कपाटात राहिले, तर मुदत कपाटातच संपते. शिवाय परतीच्या वेळी लागणारा सांकेतिक क्रमांक मुलीच्या मोबाइलवर येतो आणि कुरिअरचा माणूस वडिलांच्या दारात उभा असतो. मुलगी बैठकीत, फोन बंद. तो ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून निघून जातो. त्यासाठी वडिलांचा क्रमांक मागणीत नोंदवावा, किंवा परतीचा दिवस आणि वेळ आधी ठरवून घ्यावी.

कायदा काय सांगतो

संकेतस्थळाचे धोरण हा कायदा नव्हे. ते कंपनीने स्वतःसाठी लिहिलेले नियम असतात आणि ते देशाच्या कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील ई-कॉमर्स नियम, २०२० यांतील काही तरतुदी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील किंवा ती कबूल केलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर बाजारपेठेवरील विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांना तेवढा अपवाद आहे. सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न घेणे, ही कायद्याच्या भाषेत ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. म्हणून ‘आवडली नाही’ आणि ‘सदोष आहे’ या दोन कारणांत मोठे अंतर आहे. परतीचे कारण निवडताना घाईने पहिला पर्याय दाबू नये. दोष असेल तर दोषच नोंदवावा.

प्रत्येक ऑनलाइन दुकानाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्काचा तपशील संकेतस्थळावर देणे आवश्यक आहे. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे असते. बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळाने प्रत्येक तक्रारीस क्रमांक देणेही बंधनकारक आहे. हा तपशील बहुधा पानाच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत असतो. एकदा शोधून वहीत उतरवून ठेवावा.

रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, डिजिटल थर्मामीटर आणि नेब्युलायझर ही यंत्रे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणली गेली आहेत. त्यामुळे उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवान्याचा तपशील नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नये.

न मागितलेली वर्गणी

डायपर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, पोषक पेयांचे डबे अशा वस्तू ‘दरमहा आपोआप’ पाठवण्याची योजना अनेक दुकाने देतात. थोडी सवलत मिळते आणि विसरण्याची भीती राहत नाही. परंतु रुग्णाची प्रकृती बदलते, माप बदलते, कधी रुग्णच राहत नाही. घरात दुःख असताना दारात डायपरचे खोके येऊन पडणे काय असते, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच ठाऊक. आणि ती योजना थांबवायला गेल्यावर एकामागून एक पाने उघडत राहतात.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर दावा दाखल केला. ग्राहकांना त्यांच्या स्पष्ट संमतीविना प्राइम सदस्यत्वात ओढले जाते आणि सदस्यत्व सोडणे मुद्दाम अवघड केले जाते, असा आरोप त्यात होता. सदस्यत्व रद्द करण्याच्या त्या लांबलचक वाटेला कंपनीत ‘इलियड’ म्हटले जाई, असे दाव्यात नमूद होते. इलियड हे होमरचे प्रदीर्घ युद्धकाव्य. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता २५० कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटवले. त्यांतील १५० कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. तीत १३ प्रकार सांगितले आहेत. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकणे, शेवटच्या पानावर छुपे शुल्क वाढवणे, आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, हे त्यांतलेच. चौकटीत आधीच खूण करून ठेवून ग्राहकाची संमती गृहीत धरण्यास २०२० च्या नियमांतच मनाई आहे. पैसे भरण्यापूर्वी शेवटचे पान सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचावे. दरमहाच्या योजनेची नोंद घरातील दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावी.

मागणी नोंदवण्यापूर्वी

परतीची वेळ येऊच नये, यासाठी थोडी मापे हाताशी असावीत.

डायपरसाठी कंबर आणि नितंब दोन्हींचा घेर मोजावा; जो मोठा असेल, तो धरून माप निवडावे. पहिल्या वेळी लहानातले लहान पाकीट घ्यावे. व्हीलचेअरची एकूण रुंदी न्हाणीघराच्या दाराशी ताडून पाहावी. केवळ बैठकीची रुंदी पाहून खुर्ची मागवली, तर ती दारातच अडते. वॉकरची मूठ, हात सैल सोडून ताठ उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी. उंची कमी-अधिक करता येणारा वॉकरच घ्यावा.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठीची हवेची गादी आली, की त्याच दिवशी पंप जोडून पूर्ण फुगवून पाहावी. गळती घडी केलेल्या गादीत दिसत नाही. आळीपाळीने फुगणारे कप्पे खरोखर फुगतात का, पंप तासभर चालतो का, हे पाहावे. गादी असली तरी रुग्णाला ठरावीक वेळाने कूस बदलून द्यावीच लागते.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या त्याच यंत्राच्या हव्यात. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि उघडल्यानंतर ती किती दिवस चालते, हे डबीवर पाहावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. ते वाटेत तापले किंवा गोठले असेल, तर पाहून नेहमीच ओळखता येत नाही. म्हणून इन्सुलिन शक्यतो ओळखीच्या औषध दुकानातून, शीतपेटीतून न्यावे.

पार्सल उघडताना घरातील कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. खोक्यावरील पत्त्याची चिठ्ठी, बंद शिक्के, आतील वस्तू आणि तिचा अनुक्रमांक सलग चित्रणात यावा. खोके आणि बिल परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नये.

तक्रार कशी करावी

तक्रार फोनवर सांगून भागत नाही. ती लेखी असावी, थोडक्यात असावी आणि मागणी स्पष्ट असावी. नमुना असा:

“दिनांक ___ रोजी मागणी क्रमांक ___ अन्वये घेतलेले रक्तदाबमापक यंत्र मला दिनांक ___ रोजी मिळाले. डॉक्टरांच्या यंत्राशी तीन वेळा ताडून पाहता त्यात सातत्याने ___ एककांचा फरक आढळला. डॉक्टरांची चिठ्ठी, बिल आणि यंत्राचे छायाचित्र सोबत जोडले आहे. यंत्र सदोष असल्याने ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ते परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात अपेक्षित आहे.”

हा मजकूर तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवावा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन न्यायनिवाडा करत नाही. ती आपली तक्रार कंपनीपुढे मांडून पाठपुरावा करते, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

तेवढ्यानेही झाले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी आपण जेथे राहता, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील हवाच असे नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने व्हावी, अशी विनंतीही करता येते. चालणे कठीण असलेल्यांना हा मोठाच आधार आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कार्यरत आहे. अशा संस्थांच्या कार्यकर्त्यांकडून मार्गदर्शन घेण्यात संकोच नसावा.

वैतागाच्या क्षणी सावधान

सर्वांत मोठा धोका येथे आहे. परतीचा मार्ग सापडेना, की माणूस वैतागून इंटरनेटवर त्या दुकानाच्या ‘कस्टमर केअर’चा क्रमांक शोधतो. अशा शोधात भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांक सापडतात. पलीकडचा आवाज अतिशय नम्र असतो. दिवसभरात प्रथमच कुणी आपले नीट ऐकून घेत असते, आणि तेथेच आपण फसतो. ‘पैसे परत करायचे आहेत, हे अ‍ॅप घ्या, हा क्रमांक सांगा,’ असे तो म्हणतो, आणि खात्यातील रक्कम जाते.

संपर्क फक्त दुकानाच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून किंवा बिलावरील पत्त्यावरूनच करावा. पैसे मिळण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे कोणतेही अ‍ॅप कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. तरीही फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

घरातल्यांसाठी

शेवटचा शब्द काळजीवाहक वाचकांना. घरातील ज्येष्ठांनी मागवलेली वस्तू चुकीची निघाली, तर ‘कुणी सांगितलं होतं ऑनलाइन मागवायला?’ हे वाक्य ओठांवरच थांबवा. असे एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी बिघडलेले यंत्र कपाटात सरकवतो, चुकीचा आकडा तसाच वहीत लिहितो आणि कुणाला सांगत नाही. ज्या मांडणीत तरुणांनाही परतीचे बटण सापडत नाही, तेथे सत्तरीतल्या माणसाचा गोंधळ झाला तर तो त्याच्या वयाचा दोष नव्हे.

त्यांच्या शेजारी बसा, चष्मा हातात द्या, आणि तक्रार त्यांच्याच नावाने, त्यांच्याच शब्दांत लिहू द्या. आपण फक्त टंकलेखन करा. १९१५ आणि १९३० हे दोन्ही क्रमांक ठळक अक्षरांत लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणावर आजच चिकटवा.